हिशोब कुणी केला, हे विचारू नये

पोलादाचा शोध मोठा, सिमेंटचाही मोठा. पण बांधकामाच्या धंद्यातला सर्वांत मोठा शोध कागदावर लागला, हे कबूल करायला इंजिनिअर मंडळी उगाच लाजतात. तो शोध म्हणजे डिटेल्ड इंजिनिअरिंगच्या जबाबदारीचे कलम. हे कलम नीट लिहिले असेल, तर एखाद्या पुलाचे किंवा छताचे प्रत्येक गणित चार कार्यालयांच्या जबाबदारीत असते आणि चौघांपैकी एकाच्याही टेबलावर नसते. चार पक्षांना नामानिराळे ठेवून एक अख्खी इमारत उभी करायची, ही लहानसहान सिद्धी नव्हे. तिचा रीतसर गौरव कुणीतरी करायलाच हवा.

आधी तिचे काम कसे चालते ते पाहू. मालक सल्लागार नेमतो. सल्लागार खांब, मुख्य तुळया आणि पाया यांचे गणित करतो. बोल्ट, वेल्ड आणि प्लेटांचा भाग आला, म्हणजे जिथे एक तुळई दुसरीला आपले ओझे सोपवते तो जोड आला, की त्याचा हात थांबतो आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक टीप उमटते : ‘जोडांचे तपशील कंत्राटदाराने ठरवावेत.’ कंत्राटदार ती टीप जशीच्या तशी फॅब्रिकेटरच्या वर्क ऑर्डरमध्ये उतरवतो. फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये कामाची गर्दी, म्हणून शॉप ड्रॉइंगे बाहेरच्या डिटेलरकडे जातात. डिटेलर समजतो, जोडाचे गणित वर कुणीतरी केलेले आहे, आपण फक्त भोकांची मापे टाकायची. मग तीच ड्रॉइंगे उलट्या वाटेने वर चढतात आणि सल्लागारापाशी पोचतात. सल्लागार समजतो, ज्याने काढली त्याने गणित केलेच असणार. तो शिक्का मारतो.

या साखळीत खोटे कुणीच बोललेले नाही. प्रत्येकाने आपल्या कलमाचे अक्षरशः पालन केले आहे. राहिले ते फक्त गणित.

शिक्क्याचे माहात्म्य तर वेगळेच सांगायला हवे. पूर्वीच्या शिक्क्यावर नुसते ‘मंजूर’ असायचे. त्यात धोका होता, कारण मंजूर करणाऱ्याने वाचले असेल असा लोकांचा समज व्हायचा. आता शिक्का प्रौढ झाला आहे. ‘संकल्पनेशी सर्वसाधारण सुसंगतीपुरते तपासले. मापे, ताकद, जुळणी आणि पूर्तता यांची जबाबदारी कंत्राटदाराची,’ असे तो सांगतो. एवढ्या नम्र शिक्क्यावर रागावणार कोण? मी पाहिले, पण मी पाहिले असे समजू नका, हे निवेदन सरकारी कागदावर गोल शाईत करता येते, यापेक्षा मोठी सोय कोणती?

या शिक्क्याला कंत्राटाच्या सर्वसाधारण अटींत एक थोरला भाऊ आहे. आंतरराष्ट्रीय कामांत वापरल्या जाणाऱ्या, फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या महासंघाच्या १९९९च्या पिवळ्या पुस्तकात, म्हणजे नमुना करारात, तो भेटतो, आपल्याकडच्या महामार्गांच्या ईपीसी करारांतही, म्हणजे डिझाइन, खरेदी आणि बांधकाम एकाच कंत्राटदाराकडे देणाऱ्या करारांतही, भेटतो. त्याचे म्हणणे असे, की मालकाच्या अभियंत्याने कागदपत्रे पाहिली किंवा मंजूर केली म्हणून कंत्राटदाराची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही. हे कलम ज्यांनी प्रथम लिहिले त्यांचा हेतू सरळ होता. डिझाइन करणाऱ्याने मंजुरीच्या आड लपू नये, एवढेच त्यांना हवे होते. पण कलमाची खरी उंची त्याच्या वाचकांनी वाढवली. माझ्या मंजुरीने त्याची जबाबदारी कमी होत नसेल, तर मी ड्रॉइंग उघडले काय आणि न उघडले काय, सारखेच, हा अर्थ त्यांनी त्यातून काढला. मग कंत्राटदारानेही मागे का राहावे? मंजुरी मिळाली आहे, आता वरच्यांनी पाहिले असेल, असे म्हणून त्याने आपले कॅल्क्युलेटर मिटले. दोघांनी एकमेकांवर एवढा गाढ विश्वास ठेवल्याचे उदाहरण दुसऱ्या कुठल्या धंद्यात सापडणार नाही.

या विद्येचे सर्वांत मोठे स्मारक अमेरिकेत, मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत उभे होते. जुलै १९८०मध्ये तिथे हयात रीजन्सी हॉटेल सुरू झाले. त्याच्या प्रशस्त दालनात वेगवेगळ्या मजल्यांवरून माणसांनी ये-जा करावी म्हणून सुमारे ३७ मीटर लांबीचे पादचारी पूल छतातून पोलादी सळयांनी टांगलेले होते. चौथ्या मजल्याचा पूल वर आणि बरोबर त्याच्याखाली दुसऱ्या मजल्याचा. मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून निघालेली एकच अखंड सळई चौथ्या मजल्याच्या तुळईतून आरपार जाऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचत होती. दोन्ही पुलांचे ओझे सळई पेलणार, पण चौथ्या मजल्याच्या तुळईखालच्या नटावर फक्त चौथ्या मजल्याचे ओझे येणार, असा तो बेत होता.

फॅब्रिकेटरला ही सळई अडचणीची वाटली. नट मधोमध बसवायचा तर लांबलचक सळईवर आटे पाडावे लागणार आणि उभारणीत ते खराब होणार. म्हणून एका सळईच्या दोन झाल्या. वरची सळई छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत. खालची सळई चौथ्या मजल्याच्या त्याच तुळईला टांगून दुसऱ्या मजल्यापर्यंत. ड्रॉइंगवर पाहिले तर बदल किरकोळ आहे. पण त्यामुळे खालच्या पुलाचे सारे ओझे वरच्या पुलाच्या तुळईवर आले आणि तिच्या नटावरचा भार दुप्पट झाला. हे समजायला संगणक लागत नाही, पाठकोऱ्या कागदावरची दोन मिनिटे पुरतात.

ती दोन मिनिटे कुणाची, हे ठरलेले नव्हते. फॅब्रिकेटर म्हणाला, आम्ही फोन करून बदलाला होकार घेतला. सल्लागाराच्या कार्यालयाने असा फोन आल्याचे नाकारले. फॅब्रिकेटरने ड्रॉइंगांचे काम बाहेर दिले होते, आणि बाहेरच्यांनी जोडाचे गणित झालेले आहे असे धरले. शॉप ड्रॉइंगे सल्लागाराकडे आली, फेब्रुवारी १९७९मध्ये त्यांच्या तपासणीचा शिक्का घेऊन परत गेली. बांधकाम चालू असताना ऑक्टोबर १९७९मध्ये त्याच दालनाच्या छताचा मोठा भाग कोसळला. पुन्हा तपासणी झाली, आश्वासने दिली गेली. टांगलेल्या पुलांच्या त्या जोडाकडे तेव्हाही कुणी वळले नाही. एवढ्या साऱ्या संधी येऊनही अळीमिळी गुपचिळी टिकवणे सोपे नसते. कलम पक्के असल्याशिवाय ते साधत नाही.

१७ जुलै १९८१च्या संध्याकाळी त्या दालनात नृत्याचा कार्यक्रम होता. पुलांवर माणसे उभी होती, खाली माणसे नाचत होती. चौथ्या मजल्याच्या तुळईतून नट ओढला जाऊन वर निघाला आणि दोन्ही पूल खालच्या गर्दीवर कोसळले. ११४ माणसे मेली, दोनशेहून अधिक जखमी झाली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने तपास केला. त्यात निघालेली एक गोष्ट या विद्येच्या अभ्यासकांनी कधी विसरू नये. मूळची अखंड सळई ठेवली असती, तरी तो जोड शहराच्या बांधकाम नियमाने मागितलेल्या ताकदीच्या सुमारे ६० टक्केच भरत होता. दोन सळयांनी ती ताकद आणखी जवळजवळ निम्म्यावर आणली. म्हणजे बदल झाला म्हणून गणित चुकले, असे म्हणायलाही जागा नाही. आधीच्या जोडाचे गणित कुणी केले नव्हते आणि नंतरच्याचेही कुणी केले नाही. एका हॉटेलातल्या ज्या जोडावर सर्वांत जास्त माणसांचा जीव टांगलेला होता, तोच जोड सगळ्यांच्या कक्षेबाहेर राहिला.

अशा परिपूर्ण कामगिरीचा न्यायसंस्थेने मात्र मान राखला नाही. १९८५मध्ये मिसुरीच्या प्रशासकीय न्यायाधीशाने ४४२ पानांचा निर्णय देऊन सल्लागार कंपनीच्या जबाबदार अभियंत्यांना घोर निष्काळजीपणाचे दोषी ठरवले आणि त्यांचे परवाने गेले. जोडाचे डिझाइन फॅब्रिकेटरनेच करायचे अशी धंद्याची रीत आहे, हा त्यांचा बचाव होता. १९८८मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. ज्या अभियंत्याचा शिक्का रचनेवर आहे, त्याला काम वाटून देता येते, पण त्या रचनेची जबाबदारी वाटून देता येत नाही, असे त्याचे सार आहे. धंद्याच्या रीतीला एवढे कमी लेखल्यावर धंद्याने करायचे काय?

कॅन्सस सिटीत गणित झालेच नव्हते. पण गणित झाले, तपासले गेले, प्रमाणपत्र मिळाले आणि तरी कुणाचे नव्हते, ही याच विद्येची पुढची पायरी. ती गाठली गेली इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामधल्या सॉल्वे फर्थच्या समुद्रात. रॉबिन रिग नावाच्या तिथल्या पवनऊर्जा प्रकल्पाच्या पायांचे काम डेन्मार्कच्या एम. टी. होयगार्ड या कंपनीला मिळाले. मालक होती ई.ऑन. समुद्रतळात ठोकलेला पोलादी खांब, त्यावर बसवलेला दुसरा पोलादी नळ आणि दोघांमधल्या फटीत ग्राउट, म्हणजे सिमेंटसारखा भरणा, असा तो पाया. काम नॉर्वेच्या डीएनव्ही या संस्थेच्या जे१०१ या मानकाप्रमाणे करावे, असे कंत्राटात लिहिलेले होते. कंत्राटदाराने मानक उघडले, सूत्र उचलले, आकडे घातले.

सूत्रातला एक आकडा सुमारे दसपट चुकलेला होता. ग्राउट किती भार पेलेल, याचा अंदाज त्यामुळे भलताच फुगला. प्रकल्प २००९मध्ये पूर्ण झाला आणि २०१०मध्ये नळ खांबांवरून खाली घसरू लागले. दुरुस्तीचा खर्च २ कोटी ६२ लाख ५० हजार युरो झाला. तो कुणी सोसायचा, यावर कनिष्ठ न्यायालयाने मालकाच्या बाजूने कौल दिला, अपील न्यायालयाने कंत्राटदाराच्या बाजूने, आणि ३ ऑगस्ट २०१७ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मालकाच्या. सगळा निकाल तांत्रिक आवश्यकतांच्या पोटात दडलेल्या एका वाक्यावर फिरला. पायांचे डिझाइन २० वर्षांच्या आयुष्याची खात्री देणारे असावे, असे ते वाक्य होते. मानक पाळले हे खरे, पण खात्री दिली होती हेही खरे, आणि दोन्हींत विसंगती दिसली तर अधिक कडक अट पाळणे कंत्राटदाराचे काम, असे न्यायालयाने म्हटले.

कलमांच्या भक्तांनी या निकालाचे पारायण करावे. मानकावर विसंबून सूत्र वापरणाऱ्या कंत्राटदाराने एवढी मोठी रक्कम भरली. मालकाने एका वाक्याच्या बळावर ती वाचवली. आणि चुकलेला आकडा ज्या कागदावर छापलेला होता, तो लिहिणारी संस्था त्या खटल्यात पक्षकारही नव्हती. तीन न्यायालयांतली विद्वान मंडळी कित्येक वर्षे वाद घालत होती, की खर्च कुणाचा. सूत्र हाताने सोडवून पाहायचे काम कुणाचे होते, हा प्रश्न त्या कंत्राटात नव्हता, म्हणून त्याचे उत्तरही तिथे नव्हते.

मुंबईकरांना एवढे दूर जाण्याची गरज नाही. अंधेरीचा गोखले पूल पाडून नवा बांधला आणि त्याची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाली. शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाला तो येऊन मिळायचा होता. तो मिळाला नाही. दोन पुलांच्या टोकांत माणसाच्या उंचीएवढी तफावत राहिली. रेल्वेमार्गावरच्या भागासाठी उंचीचा निकष वाढलेला, रुळांवरचा भाग एका यंत्रणेच्या अखत्यारीत, पोचरस्ते दुसरीच्या, आणि जुना उड्डाणपूल आपला जागच्या जागी. मग बर्फीवाला पुलाचा भाग जॅक लावून एका बाजूला १३९७ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला ६५० मिलिमीटर उचलण्यात आला, आणि जुलै २०२४मध्ये दोन्ही पूल एकमेकांना भेटले. प्रत्येक पुलाचे गणित आपापल्या जागी बरोबर होते. दोन पुलांच्या मधली हद्द कुणाच्याच ड्रॉइंगवर नव्हती, एवढेच.

ही विद्या पुढच्या पिढीला मिळावी म्हणून तिची काही सूत्रे इथे नोंदवून ठेवणे कर्तव्य आहे.

पहिले, निविदेत ‘डिटेल्ड इंजिनिअरिंग कंत्राटदाराच्या कार्यकक्षेत’ असे लिहावे, पण त्यात नेमके काय काय येते, याची यादी जोडू नये. यादी आली की उणीव दिसते.

दुसरे, जोडांवर किती भार येतो तो आकडा ड्रॉइंगवर कधी लिहू नये. आकडा दिला तर खालचा माणूस गणित करील आणि वरच्याला ते तपासावे लागेल.

तिसरे, शॉप ड्रॉइंगे तपासण्यासाठी इतके थोडे दिवस द्यावेत, की शिक्क्याची शाई वाळायलाच ते पुरावेत. आणि तपासणीची फी वेगळी दाखवू नये. ज्याचे पैसे नाहीत ते काम झाले नाही, अशी तक्रार कुणी कुठल्या तोंडाने करणार?

चौथे, बदल फोनवर मान्य करावा. फोनला जावक क्रमांक नसतो.

पाचवे, प्रूफ चेकिंग, म्हणजे त्रयस्थाकडून डिझाइनची फेरतपासणी, अवश्य ठेवावे. पण प्रूफ सल्लागाराला मूळ डिझाइनची इनपुट फाइलच द्यावी. तीच फाइल त्याच सॉफ्टवेअरमधून काढली की उत्तर जुळते, आणि जुळलेल्या उत्तराला प्रमाणपत्र मिळते. चूक फाइलमध्ये असेल, तर तिलाही प्रमाणपत्र मिळते.

सहावे, मालकाने दिलेल्या माहितीच्या अचूकतेची हमी मालकाने देऊ नये. मातीची चाचणी दिली, पण ती खरी आहे की नाही हे निविदेच्या मुदतीत कंत्राटदारानेच पडताळावे, असे म्हणावे. तीन आठवड्यांत नदीच्या तळाशी बोअर घेणे त्याला जमणार नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. पण सही होते, आणि सही झाली की नदीचा तळही कंत्राटदाराचा होतो.

ही सहा सूत्रे पाळली, तर काही बिघडले तरी कागद बिघडत नाही. आणि काही वर्षांनी चौकशी समिती बसली, तर तिला प्रत्येक कार्यालयात एकच उत्तर मिळते, तेही लेखी.

इथपर्यंत कलमांची बाजू मांडली. आता त्या पुलांवर उभ्या राहणाऱ्यांची.

तुळईला कंत्राट वाचता येत नाही. तिच्यावर भार येतो तेव्हा ती सल्लागाराचा शिक्का पाहत नाही, फिडिकचे कलम पाहत नाही, निकालाची वाट पाहत नाही. कलमाला एवढेच करता येते, की अपघातानंतरचे पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात जातात. अपघात टाळण्याची ताकद एकाच गोष्टीत आहे. एका नावाच्या माणसाने ते गणित करावे आणि दुसऱ्या नावाच्या माणसाने ते स्वतः, वेगळ्या वाटेने, पुन्हा करावे. ही दोन नावे कंत्राटात नसतील, तर बाकीची पाचशे पाने वकिलांच्या कामाची आहेत, इमारतीच्या नव्हेत.

हे अवघड नाही, आणि करून दाखवलेलेही आहे. अमेरिकेच्या पोलाद बांधकाम संस्थेच्या कामाच्या संहितेत आता जोडांबाबत तीनच मार्ग दिलेले आहेत. एक, सल्लागाराने जोडाचे पूर्ण डिझाइन ड्रॉइंगवर दाखवावे. दोन, दिलेल्या तक्त्यांतून डिटेलरने जोड निवडावा आणि तो सल्लागाराने तपासावा. तीन, फॅब्रिकेटरने नेमलेल्या परवानाधारक अभियंत्याने डिझाइन करावे, पण त्यासाठी लागणारे भार सल्लागाराने द्यावेत आणि झालेले डिझाइन पाहून मान्यही त्यानेच करावे. यांपैकी कुठला मार्ग, हे काम सुरू होण्याआधी कागदावर ठरलेले असते. चौथा मार्ग, म्हणजे दुसऱ्याने केले असेल असे समजण्याचा, तिथे बंद केला आहे. तो बंद होण्यासाठी ११४ माणसे मेली.

आपल्याकडच्या प्रत्येक कंत्राटाला एक साधा तक्ता जोडता येईल. डाव्या रकान्यात प्रत्येक गणित : पाया, तुळई, जोड, उभारणीच्या वेळचे तात्पुरते आधार, दोन यंत्रणांच्या हद्दीवरचा प्रत्येक सांधा. उजवीकडे तीन रकाने : करणार कोण, तपासणार कोण, शेवटची सही कुणाची. तपासणीला दिवस आणि पैसे स्वतंत्र. एकही रकाना रिकामा असेल, तर पहिली कुदळ पडू नये. जागेवर केलेला प्रत्येक बदल, अगदी एका सळईच्या दोन करण्याचासुद्धा, पुन्हा गणित झाल्याशिवाय आणि सही झाल्याशिवाय उभारू नये. आणि मंजुरीच्या शिक्क्यावर ‘काय पाहिले’ हे लिहिलेले असावे. ‘काय पाहिले नाही’ याची यादी देणारा शिक्का कार्यालयात ठेवूच नये.

ही कलमे लिहिणाऱ्या, वाचणाऱ्या आणि त्यांवर सही करणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरला, निविदा लिपिकाला आणि अधिकाऱ्याला एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी ‘जबाबदारी कंत्राटदाराची’ हे शब्द टाइप करताना थांबा, आणि विचारा : हा हिशोब कोणत्या माणसाने केला, आणि कोणत्या माणसाने तपासला? नाव मिळेपर्यंत सही करू नका.